आजोबा हिरवेच आहेत

माणूस जे शिकतो ते कधीही वाया जात नाही. हे वाक्य त्याने निरनिराळ्या सभागृहांत, निरनिराळ्या वयांच्या मुलांसमोर, एकाच सुरात इतक्यांदा उच्चारलं होतं की शेवटी शेवटी ते त्यालाही खरं वाटायला लागलं होतं. शास्त्र शिकून प्रोजेक्ट मॅनेजर झालेला माणूस म्हणून त्याला बोलावत. तो जाई, समोरची पाण्याची बाटली जरा बाजूला सरकवी आणि सांगे, की शेवाळाने मला संयम शिकवला, सूक्ष्मदर्शकाने बारकावा शिकवला, आणि या दोन्हींच्या जोरावर आज मी अख्खी इस्पितळं एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवतो. मुलं टाळ्या वाजवीत. प्रत्यक्षात त्याच्या सगळ्या वनस्पतिशास्त्राचा नोकरीत एकदाच उपयोग झाला होता. ऑफिसातल्या कूलरच्या पाण्यावर हिरवी झाक आली तेव्हा ती का आली हे त्याने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी ते आदराने ऐकलं आणि खालच्या मजल्यावरचं पाणी प्यायला सुरुवात केली.

त्या सकाळी तो एका जुन्या संशोधन संस्थेच्या वरच्या मजल्यावर सामानाची पाहणी करत होता. संस्था शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जायची होती, आणि त्या इमारतीतल्या खोल्या लावून तिला तिथे न्यायचं काम त्याच्या कंपनीकडे, म्हणजे त्याच्याकडे होतं. याच मजल्यावर, याच खोलीत आपण ऐन तारुण्याची वर्षं काढली हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं काय त्यात? पीएच.डी. अर्धी टाकून गेलेल्या माणसाची आठवण संस्था ठेवत नाही. ठेवलीच तर ग्रंथालय ठेवतं, न परत केलेल्या पुस्तकांपायी. खोली दाखवणारी संशोधक विद्यार्थिनी चटपटीत होती. एप्रनच्या खिशाला शाईचा डाग, केस पेन्सिलीने वर अडकवलेले. हे सेंट्रिफ्यूज, हे जाणार. हा फ्रीज, याचं दार लागत नाही पण जाणार. मग ती खिडकीशेजारच्या फळीपाशी थांबली. ट्यूबलाइटखाली काचेच्या नळ्या रांगेने उभ्या होत्या, कापसाची बुचं घातलेल्या; आत तिरक्या थिजवलेल्या आगरवर, शेवाळाला पोसणाऱ्या त्या जेलीवर, हिरवा लेप.

“आणि हे आजोबा,” ती म्हणाली.

“कोण?”

“आजोबा. शेवाळच आहे तसं. पण आमच्याकडे सगळे आजोबाच म्हणतात. ज्यांनी शोधलं ना, त्यांना म्हणे लॅबमध्ये आजोबा म्हणायचे.”

“ते कुठे असतात आता?”

तिने आवाज उतरवला. “गेले बहुतेक. खूप जुनी गोष्ट आहे, सर.”

त्याला खोकला आला. “पाणी देऊ?” तिने विचारलं. “नको,” तो म्हणाला, आणि पुढच्या कपाटाकडे वळला. स्वतःच्या निधनाची बातमी ऐकल्यावर माणसाने काय करायचं असतं हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं, म्हणून त्याने कपाटाची उंची मोजली. मग पुन्हा मोजली. टेप धरलेला हात आपला आहे, नखं आपली आहेत, हे त्याच्या लक्षात येत होतं. पण नाकात शिरलेला तो वास, तापलेली काच, स्पिरिट, उकळत्या आगरचा कोंदट गोडसरपणा, तो मात्र दुसऱ्याच कोणाचा होता. त्या दुसऱ्याला तेविसाव्या वर्षी आजोबा म्हणत, कारण तो बोलण्याआधी खाकरायचा, चष्म्याला दोरी लावायचा आणि कितीही घाई असली तरी जिना कठडा धरूनच उतरायचा. मागच्या आवारात एक गळका पाइप होता, त्याखालच्या भिंतीवर हिरवट ओल होती, आणि तिथून चिमटीने खरवडून त्याने ते शेवाळ आणलं होतं. दिसायला काहीच नाही. गोल पेशी, हिरव्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. तो त्या नळ्यांची इमानाने देखभाल करायचा. दर काही आठवड्यांनी तारेचा फास ज्योतीत लाल करायचा, निववायचा, जुन्या नळीतला कण नव्या नळीत ओढायचा. मग एकदा वडील आजारी पडले, तो घरी गेला, राहिला, नळ्या खिडकीत उन्हात तशाच विसरल्या. परत आल्यावर त्या सकाळी त्याने दार उघडलं आणि खिडकीत सगळी रांग केशरी होती. हिरवा नावाला नाही. उपासमार आणि ऊन यांच्या कात्रीत सापडलेल्या त्या पेशींनी आपल्या अंगातला सगळा हिरवा मोडून केशरी केला होता, जगायला. हे त्याला नंतर कळलं, वाचून. त्या क्षणी तो फक्त उभा होता, खांद्याला पिशवी तशीच, आणि बाहेर बागेत कोणीतरी पाइपने पाणी मारत होतं. हे या क्षणी जगात फक्त मला माहीत आहे, असं त्याला वाटलं होतं. असं त्याला पुन्हा कधी वाटलं नाही. लग्नात नाही, मुलगी झाली तेव्हा नाही, अतिदक्षता विभाग एकही रुग्ण न दगावता नव्या इमारतीत नेला आणि संचालकांनी मिठी मारली तेव्हाही नाही. त्या सगळ्या वेळी आणखी पुष्कळांना माहीत होतं.

“सर, इथे एक अडचण आहे,” विद्यार्थिनी म्हणाली. तिच्या हातात त्याच्याच ऑफिसातून आलेला तक्ता होता. त्याच्या धंद्यात त्याचं नाव एका नियमावर चालत होतं : ज्या वस्तूला मालक नाही, ती वस्तू जात नाही. दर स्थलांतरात या एका नियमाने निम्मा कचरा मागे राहायचा आणि गाड्या वेळेवर सुटायच्या. “आजोबांचा मालक कोण लिहू? मोठे सर निवृत्त होतायत. माझा विषय वेगळाय. मी नुसती खायला घालते त्यांना. माझ्या आधीच्या मॅडमनी जाताना दिले, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. सोडून जाणाऱ्याने पुढच्याच्या हातात द्यायचे, असा आमच्याकडे रिवाज आहे. सासूने किल्ल्या द्याव्यात तसा.”

“मालक नसेल तर?”

“तुमचाच नियम आहे, सर. टाकायचं.”

तो खाकरला. “माझं नाव लिहा.”

“तुमचं कशाला?”

“मी अजून गेलो नाहीये,” तो म्हणाला.

तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती कानापर्यंत लाल झाली, हसली, आणि हसू आवरायला तक्ता तोंडाशी धरला. “अय्या! म्हणजे तुम्ही आहात!” आणि थोड्या वेळाने, विचार करून, “बरं झालं.” मग मात्र तिने दारातच गाठून विचारलं, “सर, ते केशरी व्हायचे ते खरं आहे? जुन्या लेखात आहे तसं. आम्ही कोणीच पाहिलं नाही. आम्हाला वाटायचं, असतं ना एकेका घराण्यात, पणजोबांनी वाघ मारला होता वगैरे.”

“खरं आहे,” तो म्हणाला. आणि ज्या माणसाने आयुष्यात एक खिळासुद्धा सहीशिवाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ दिला नव्हता, त्याने फळीवरची एक नळी उचलून शर्टाच्या खिशात घातली.

मोठ्या सरांचा, म्हणजे त्याच्या जुन्या प्रोफेसरांचा, फोन दुसऱ्याच दिवशी आला. “काय रे आजोबा, जिवंत आहेस म्हणे!” आवाज तोच होता, फक्त मधेमधे श्वास घ्यायला थांबत होता. “एवढे महिने आमच्या भिंती मोजतोयस आणि वर येऊन भेटत नाहीस? लाज वाटते होय म्हाताऱ्याची?” तो काहीबाही बोलला. प्रोफेसरांनी ते ऐकलं नाही. ते पूर्वीही ऐकत नसत. “हे बघ. नव्या इमारतीत नळ्यांच्या संग्रहाची वेगळी खोली आहे. तूच केलीयस, तुला कशाला सांगू. तिथे माणूस लागणार. बघणारा माणूस. हल्लीची पोरं हुशार आहेत, पण बघत नाहीत. मशीनला बघायला सांगतात. तू बघायचास. ये परत. पगार तुझ्या ड्रायव्हरएवढा असेल, पण खिडकी पूर्वेची आहे.” खिडकी पूर्वेची आहे हे त्याला माहीत होतं. नकाशात ती पश्चिमेला होती. काहीएक कारण न देता ती त्यानेच फिरवून घेतली होती, आणि वास्तुविशारदाने त्याबद्दल अजून त्याला माफ केलं नव्हतं.

घरी त्याने नळी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. शाळेत गणित शिकवणाऱ्या त्याच्या बायकोने ती पाहिली, डोळे बारीक केले, आणि चहाचा कप तिच्यापासून लांब सरकवला.

“काय आहे हे?”

“आजोबा.”

“कोणाचे?”

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, प्रोफेसरांचा फोन, खोली, खिडकी. तिने मधे एकदाही तोडलं नाही, हे लक्षण चांगलं नव्हतं. “मग?” ती म्हणाली.

“उपाशी ठेवायचं, उन्हात ठेवायचं. केशरी झालं तर जातो.”

“आणि नाही झालं तर?”

“तर नाही जात.”

“वा! मोठे शास्त्रज्ञ. त्यापेक्षा नाणं उडव की. निदान माझी खिडकी मोकळी राहील.” मग भांडी आवरता आवरता, पाठ त्याच्याकडे ठेवूनच, ती म्हणाली, “जायचं असलं तर जा रे. माझा पगार आहे, पोरगी मार्गाला लागलीय. पण ते शेवाळावर ढकलू नकोस. ते बिचारं कोणाच्या अध्यातमध्यात नाही.”

तिचं बरोबर होतं, आणि तिचं बरोबर असण्याचा त्याला काही उपयोग नव्हता. रोज सकाळी तो अंथरुणातून थेट खिडकीपाशी जायचा. हिरवं. नळी बोटांत फिरवून उजेडाकडे धरायची, कडेला, जिथे लेप पातळ असतो तिथे, किंचित पिवळट आहे का? नाही, तो पडद्याचा रंग. तो ऑफिसला जायचा. तिथे दर सोमवारी मोठ्या पडद्यावर सगळी कामं रंगांत उभी राहत : वेळेवर असलेलं हिरवं, घसरू लागलेलं केशरी, बुडालेलं लाल. हे रंग लोकांना पाठ व्हावेत म्हणून इतक्या वर्षांत त्याने किती जणांना रडवलं होतं. केशरी चौकोन दिसला की खोलीतलं बोलणं थांबायचं. ज्याचं काम असेल तो खुर्चीत सरळ व्हायचा आणि खोटं बोलू लागायचा. “आपलं सगळं हिरवं आहे,” त्या सोमवारी त्याचा मदतनीस अभिमानाने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हिरवं नको होतं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत तो सपाट, आज्ञाधारक, पोट भरलेला हिरवा पसरलेला होता आणि सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. त्यात कुठेतरी एक चौकोन आतून पेटावा, कोणी न सांगता, कोणाचं लक्ष नसताना, असं त्याला इतक्या जोरात वाटलं की त्याने पेन खाली ठेवलं. “कुठे काही अडलंय का, सर?” मदतनीस म्हणाला. “नाही. छान आहे,” तो म्हणाला.

अडलं कधीच काही नव्हतं, हीच तर गंमत होती. लोक विचारत, शास्त्र का सोडलंत? आणि तो एखादं वळण शोधायला जाई, तर वळणच नसे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा वर्षभरापुरती म्हणून सूक्ष्मदर्शक विकायची नोकरी धरली. गिऱ्हाइकाला दाखवायला डबक्याच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा; तो आधी स्वतः डोळा लावी आणि मग डोळा काढायचं विसरे. गिऱ्हाईक घड्याळ बघे, शेवटी कंपनी बघू लागली. म्हणून त्याला विक्रीतून काढून यंत्रं बसवायच्या कामावर घातलं, तेही वर्षभरापुरतं. यंत्र कुठे बसेल हे सांगता सांगता खोली कशी हवी ते सांगू लागला, खोली सांगता सांगता मजला, आणि एक दिवस कोणीतरी त्याच्या हातात कार्ड दिलं ज्यावर त्याच्या नावाखाली प्रोजेक्ट मॅनेजर असं छापलेलं होतं. त्याला वाटलं चुकून दुसऱ्याचं आलं. प्रत्येक ठिकाणी तो वर्षभरापुरता होता. वळण असतं तर निदान वळून बघता आलं असतं. तो सरळ चालत राहिला आणि रस्ताच हळूहळू दुसरीकडे गेला. वडील गेले, वर्ष संपलं नाही. मधल्या काळात कधीमधी, बायको गाडी चालवत असली आणि आपण खिडकीशी असलो की, एखाद्या पुलाच्या पायाशी, गळक्या गटाराच्या तोंडाशी भिंतीवर हिरवा पट्टा दिसे, आणि आत काहीतरी हलके खाकरे. तेवढंच. त्याला आठवण म्हणावं इतकंही ते नव्हतं.

नळीतला रंग बदलला तो एका रविवारी. तो खिडकीपाशी गेला, उभा राहिला, आणि बायकोला हाक मारायला तोंड उघडून तसाच राहिला. हिरवा गेला होता, खरोखरच गेला होता. पण त्याच्या जागी काही आलं नव्हतं. मळकट, फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा एक पांढुरका थर आगरवर चिकटून होता. बायको येऊन शेजारी उभी राहिली. तिने त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि गॅसकडे वळली. हे तर फारच वाईट लक्षण होतं.

सोमवारी विद्यार्थिनीनेच त्याला फोन केला. नव्या संग्रहात घ्यायच्या प्रत्येक नळीची ओळख पटवून घ्यायची, असा दंडक होता. तो दंडकही त्याच्याच तक्त्यातला. “सर, आजोबांचा अहवाल आलाय. मी परत करून बघितला. दोनदा.” ती थांबली. “सर, ते आजोबा नाहीयेत.”

“मग कोण आहेत?”

“साधं शेवाळ आहे. टाकीत, कुंडीत, कुठेही येतं ते. मधे कधीतरी कोणाच्या तरी हातून नळीत शिरलं असणार, ते भराभर वाढतं ना, आणि खरं जे होतं ते... मागे पडलं असणार. दोन्ही गोल, दोन्ही हिरवी. कळणार कसं? कधी झालं ते सांगताच येत नाही. कदाचित आमच्या आधीच्या मॅडमच्या वेळी, कदाचित त्याच्याही आधी.” तिने नाक ओढलं; त्याला आश्चर्य वाटलं. “आम्ही इतकी वर्षं दुसऱ्याच कोणाला तरी आजोबा म्हणत होतो हो.”

“सांभाळलंत मात्र चांगलं,” तो म्हणाला. “परक्याला एवढं कोण करतं!”

ती रडता रडता हसली. मग तो संस्थेत गेला. वाटेत त्याने ठरवलं नव्हतं काय बोलायचं. जिन्यावर कठडा धरून चढताना ठरलं. केशरी झालं नाही. ठीक. ते तर आपलं नव्हतंच, मग त्याने ‘नाही’ म्हटलं तरी ते ‘नाही’ आपल्याला लागू कसं होईल? प्रयोगच बाद. आणि नळीत कोणीही असो, खिडकी पूर्वेची आहे, सकाळी उजेड नळ्यांवर तिरका पडेल, समोर उभं राहून बघणारा माणूस लागेल. इतकं साधं होतं ते. त्याला केशरी नको होतं, त्याला ते दार उघडायचं होतं. शेवटच्या पायऱ्यांवर त्याने कठडा सोडला.

प्रोफेसर खोक्यांच्या मधोमध खुर्चीवर बसले होते, फार लहान दिसत होते. त्याने अहवालाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू घरातल्या फार जुन्या माणसाची बातमी कळावी. “केशरी,” ते म्हणाले. “मी कधी पाहिलंच नाही रे ते.”

“सर, लेखात तुमचं नाव पहिलं आहे.”

“ते असतंच. मी त्या वेळी परिषदेला गेलो होतो. आलो तोवर तू त्यांना खायला घालून पुन्हा हिरवं केलं होतंस. तुला राहवेना ना, उपाशी दिसले तर. मग आपण परत करू परत करू म्हणता तू गेलास. फोटोही काळापांढरा.” ते त्याच्याकडे बघत होते. “पण तू म्हणालास म्हणून मी लिहिलं. तू बघायचास.”

म्हणजे जगात अजूनही ते फक्त त्यालाच माहीत होतं. ही गोष्ट त्याच्या आत कुठेतरी जाऊन टेकायला वेळ लागला. खाली अंगणात त्याचीच माणसं त्याच्याच वेळापत्रकाप्रमाणे गाडी मागे घेत होती, “येऊ दे, येऊ दे,” ओरडत. तो खाकरला.

“सर, मी येतो. त्या खोलीसाठी. नळीत काय आहे त्याचं काही नाही. मी येतो.”

प्रोफेसरांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरून ठेवला. “येच तू. मला माहीत होतं.” मग ते थोडे चुळबुळले, खोक्यांकडे पाहिलं. “तेवढं एक वयाचं बघायला लागेल. मर्यादा पस्तीस आहे म्हणे. मी बोलतो कोणाशी तरी.”

प्रोफेसर त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. संस्था ठरल्या दिवशी हलली. एक काच फुटली नाही, आणि पडद्यावर शेवटपर्यंत सगळं हिरवं होतं. नळ्यांना मालक होता, म्हणून त्याही गेल्या. संग्रहाच्या खोलीत माणूस नेमला गेला, एकोणतीस वर्षांचा, मशीन चांगलं चालवणारा. पहिल्याच उन्हाळ्यात नव्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्यांना शेवाळ धरलं. विद्यार्थिनीने थोडं खरवडून तपासलं तर तेच निघालं, नळीतलं. टाक्या दर सहा महिन्यांनी धुतल्या जातात.